नाव असलेली वस्तू फेकायची नाही

टपालबाईंच्या घरात शिरलं की बोळातच, डाव्या हाताला, एक उंच लाकडी कपाट होतं. दारं नसलेलं, अठ्ठेचाळीस चौकोनी खणांचं. पत्रं निवडायची यंत्रं आली तेव्हा टपाल कार्यालयाने ते मोडीत काढलं आणि बाईंनी साहेबांचा पिच्छा पुरवून ते घरी आणलं. एकतीस वर्षं त्या या खणांपुढे उभ्या राहिल्या होत्या. हातात पत्र आलं की नजर पत्त्यावर आणि पत्र खणात, मध्ये विचाराला जागाच नाही. आता त्याच खणांत बिलं, कात्र्या, औषधं, चष्म्याची घरं आणि पाहुण्यांनी विसरलेले हातमोजे सुखाने नांदत होते.

बाईंचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं, तेवढंच. गल्ली त्यांना टपालबाई म्हणायची, आणि कुणाच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही की त्यांनाच हाक मारायची. आपल्या कामाचा बाईंना भरपूर अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. ज्याला येतं त्याने मिरवावं, असं त्यांचं सरळ मत होतं.

त्यांची पद्धत एका प्रश्नाची. वस्तू उचलायची आणि विचारायचं, "हिचा पत्ता काय?" घरात तिची जागा पटकन सांगता आली तर ती तिथे. दुसऱ्याची असली तर आजच्या आज त्याच्या घरी. पत्ताच सांगता आला नाही तर बेपत्ता पेटीत. ही पेटी सात दिवस दाराशी ठेवायची, आणि तेवढ्यात आतल्या वस्तूची कुणाला आठवण झाली नाही तर ती न उघडता घराबाहेर काढायची. 'न उघडता' यावर बाईंचा फार जोर. पेटी उघडली की माणूस विरघळतो, हे त्यांनी घरोघरी पाहिलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे चिंध्यांची नऊ गाठोडी होती. त्या गाठोड्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, कधीतरी लागतील."

"कधीतरी हा पत्ता नाही," टपालबाई म्हणाल्या. "त्या नावाची गल्ली मला एकतीस वर्षांत सापडली नाही."

दोन तासांत गाठोडी नवाची दोन झाली. शिंपीणबाई आठवडाभर रुसल्या, आणि मग म्हणाल्या की खिडकी उघडता येते हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

डोक्यातल्या पसाऱ्यालाही बाईंनी हाच न्याय लावला होता. रोज चारच्या चहानंतर त्या एक कोरं कार्ड घेत. मनात जे घोळत असेल ते एका बाजूला एका ओळीत लिहायचं आणि दुसऱ्या बाजूला, हे कुणाला सांगायला हवं, त्याचं नाव. नाव सापडलं तर कार्ड पोचवायचं, हातात देऊन नाहीतर तोंडाने. 'मोरी तुंबते' हे प्लंबरला. 'तू फोन करत नाहीस' हे लेकीला. नावच सापडलं नाही तर कार्ड वेगळ्या खणात ठेवायचं आणि रविवारी फाडायचं. 'म्हातारपणी आपलं काय होणार' हे कार्ड बाईंनी आजवर सहा वेळा फाडलं होतं, आणि दर वेळी त्यांना गाढ झोप लागली होती.

असं सगळं असताना दिव्याखाली अंधार होताच. तो अंधार म्हणजे त्यांच्या घरातला हॉल.

बाईंचे यजमान म्हणजे दुरुस्तीकाका. कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केलं. मालकाने जागा परत मागितली, असं घरी सांगितलं आणि सगळं सामान हॉलमध्ये आणून ओतलं. पंखे, इस्त्र्या, रेडिओ, शिलाई मशीनची मुंडकी, थांबलेली घड्याळं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर एक नाव. दर महिन्याला त्यात भरच पडे. सुरुवातीला बाईंनी तोंड वाजवून पाहिलं, मग तह झाला. बोळ आणि स्वयंपाकघर बाईंचं, हॉल काकांचा, आणि एकमेकांच्या हद्दीत कुणी हात घालायचा नाही. लोकांच्या वस्तू हा माणूस चार-चार वर्षं दाबून बसतो याची बाईंना मनातून लाज वाटे. मागच्या वर्षी त्यांचा स्वयंपाकघरातला रेडिओ गप्प झाला, तेव्हा अर्ध्या तासाच्या कामाला काकांनी तीन दिवस लावले. "हात जड झालाय तुमचा," असं त्या बोलूनही गेल्या. रेडिओ मात्र खणखणीत वाजायला लागला होता.

आणि मग एका सकाळी काका त्याच पसाऱ्यात एका पंख्याच्या बैठकीला अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण तीन आठवड्यांनी घरी सोडायची वेळ आली तेव्हा रुग्णालयातल्या, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी टपालबाईंना बाजूला घेतलं.

"दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत नव्वद सेंटिमीटरची मोकळी वाट लागेल. वॉकर घेऊन चालायचंय त्यांना. शनिवारी मी घर बघायला येते. वाट नसेल तर गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात पाठवावं लागेल."

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही. या वयात तिथे गेलेली माणसं..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

काकांनी पलंगावरून ते ऐकलं होतं. बाई जवळ गेल्या तेव्हा त्यांनी बाईंचं मनगट धरलं. "मला तिकडे नको पाठवूस गं," एवढंच म्हणाले. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने बाईंकडे साधा जास्तीचा चहासुद्धा मागितला नव्हता. बाईंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग त्या म्हणाल्या, "पाठवतोय कोण? पसारा आवरायचाय ना? मग योग्य माणसाला सांगताय."

तो दिवस सोमवार होता.

परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवर मार्ग सुचवला. "आई, एक ट्रक बोलव आणि सगळं भंगारात घाल. दोन तासांचं काम."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," बाई म्हणाल्या. "नाव असलेली वस्तू फेकायची नाही."

हा त्यांच्या खात्याचा नियम आणि बाईंचा धर्म. कोरं पाकीट एक वेळ फाडता येतं, पण नाव असलेलं पाकीट भिजलेलं असो, फाटलेलं असो, ते जाग्यावर पोचलंच पाहिजे. 'जिन्याखालच्या मावशींना' एवढाच पत्ता असलेलं पत्र त्यांनी दोन दिवस खपून बरोबर जिन्याखाली पोचवलं होतं. तिथे हॉलमधल्या त्रेचाळीस चिठ्ठ्यांची काय मिजास!

मंगळवारी त्यांनी बाह्या सरसावल्या आणि हॉलच्या हद्दीत पहिल्यांदा हात घातला. चिठ्ठ्या वाचल्या, गल्लीवार ढीग लावले आणि दुकानातली जुनी हातगाडी बाहेर काढली. मंगळवार-बुधवार दोन दिवस त्या दारोदार फिरल्या, आणि नाव असलेला माणूस घरात सापडला नाही तिथे शेजाऱ्यांकडे वस्तू ठेवून आल्या.

"ही घ्या तुमची वस्तू. उशीर झाला, माफ करा," असं म्हणत त्यांनी एक पातं नसलेला पंखा बेकरीवाल्याच्या पुढ्यात ठेवला.

बेकरीवाल्याने पंख्याकडे पाहिलं. "बाई, हा माझा नाही."

"तुम्ही विसरला असाल. चिठ्ठीवर तुमचं नाव आहे."

नाव होतं खरं. टपालबाईंशी वाद घालायची गल्लीत कुणाची छाती नव्हती, तेव्हा बेकरीवाल्याने पंखा ठेवून घेतला. शिंपीणबाई म्हणाल्या की त्यांची इस्त्री त्यांच्या हातातच आहे आणि गरमही आहे, तरी त्यांनी दुसरी घेतली. निवृत्त शाळाबाईंनी पाठ नसलेला रेडिओ उलटसुलट करून पाहिला. "मी कधी दिला हा?" त्या म्हणाल्या. "वय झालं हो माझं." बुधवारी संध्याकाळी हॉलची फरशी दिसली. ती निळसर होती हे बाईंना नव्याने कळलं. त्या स्वतःवर बेहद्द खूश झाल्या आणि त्या दिवशी कार्डावर लिहायला त्यांना काहीच सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी दाराबाहेर पंखा उभा होता. त्याच्या शेजारी इस्त्री, इस्त्रीमागे दोन घड्याळं. दहा वाजेपर्यंत एकेक जण संकोचून येत होता आणि वस्तू ठेवून जात होता. "बाई, तुमचा मान म्हणून घेतली होती, पण दुसऱ्याची वस्तू घरात कशी ठेवायची? ज्याची आहे तो शोधत असेल." दुपारी हॉल पुन्हा भरला. येरे माझ्या मागल्या! शनिवार दोन दिवसांवर होता आणि त्रेचाळीसही वस्तू परत आल्या होत्या. एकतीस वर्षांत एक-दोन पत्रं परत येत, पण अख्खी गाडी परत आल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

बेकरीवाल्याची चिठ्ठी सोडवून पिशवीत टाकली आणि बाई तडक रुग्णालय गाठून काकांपुढे उभ्या राहिल्या.

"अहो, या चिठ्ठ्यांवरची नावं कुणाची?"

काका खिडकीकडे बघायला लागले. "ज्यांना द्यायच्या त्यांची."

"द्यायच्या म्हणजे? वस्तू त्यांच्याच ना?"

"त्यांच्या कुठल्या? मोडीतून आणलेल्या. बेकरीवाला भट्टीपुढे उभा राहून घामाने न्हातो, म्हटलं त्याला पंखा करून द्यावा. शाळाबाईंचा रेडिओ बंद पडला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, घर फार शांत झालंय. ते डोक्यातून जाईना." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि एवढ्या आजारपणातही त्यांच्या ओठांवर जुनं मिश्कील हसू आलं. "तू टपालात होतीस ना गं? पाकिटावर नाव असतं ते माल जिकडे जायचा त्याचं. जिकडून आला त्याचं असतं असं तुला कुणी सांगितलं?"

दुरुस्तीवाल्याच्या घरातली चिठ्ठी म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव, असं धरून बाई चालल्या होत्या. दुसऱ्याच्या धंद्याची रीत लावायला गेल्या आणि स्वतःच्या धंद्याची पहिली ओळ विसरल्या.

"मग चार वर्षांत एकही का पोचवली नाहीत?"

काकांनी हात वर केला आणि बोटं डोळ्यांसमोर पसरली. "बारीक तार दिसत नाही मला. दुकान बंद केलं ते त्यामुळे. मालकाचं मी तुला खोटं सांगितलं. वाटलं, होईल काहीतरी, पुन्हा दिसायला लागेल. काम होईना, मग निदान नाव तरी लिहून ठेवायचो. आता दे सगळं भंगारात. मला त्या चिठ्ठ्यांकडे बघवत नाही."

बाईंना एकाच वेळी राग आला आणि रडू आलं. चार वर्षं त्या ज्याला अडगळ म्हणत होत्या ती या माणसाच्या न झालेल्या कामांची रास होती, आणि त्या राशीतून तो रोज पाय वाचवत चालत होता. त्यांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे परिचारिकेला हाक मारली. "यांचे डोळेही तपासून घ्या. चार वर्षं लपवलेत." ज्या काळजीला पत्ता आहे ती ताबडतोब पोचवायची, हा नियम त्यांनी भर वॉर्डात पाळला. मोतीबिंदू असावा, असं परिचारिका काकांच्या डोळ्यांत बघताक्षणी म्हणाली.

घरी येऊन बाई खणांच्या कपाटापुढे बसल्या आणि त्रेचाळीस कार्डं लिहिली. मजकूर एकच: 'आमच्या ह्यांनी तुमची आठवण ठेवून ही वस्तू तुमच्यासाठी आणली होती. डोळ्यांमुळे दुरुस्त करता आली नाही. आहे तशी हवी असेल तर उद्या घेऊन जा. नको असेल तर तसं सांगा, म्हणजे तेही मोकळे आणि तुम्हीही.' लिहिता लिहिता त्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचत होत्या. न्हाव्याचं नाव होतं, पेपरवाल्याचं होतं, अगदी दूधवाल्याचंही होतं. शेवटची चिठ्ठी हातात आली तेव्हा त्यांना कळलं की आपण नुसती नावं उतरवत नाही, आपलं नाव शोधतोय. ते कुठेच नव्हतं.

मग त्यांनी चव्वेचाळिसावं कार्ड लिहिलं. एका बाजूला एक ओळ, दुसऱ्या बाजूला काकांचं नाव. ते मात्र त्यांनी खणात सरकवून ठेवलं आणि बाकीची घेऊन उन्हं उतरायच्या आत गल्लीभर वाटून आल्या.

शुक्रवारी सकाळपासून जिन्यावर पावलांचा आवाज थांबला नाही. बेकरीवाला पंखा छातीशी धरून म्हणाला, "काकांना मी घाम पुसताना दिसलो होतो होय?" त्याच्या पंख्याला एक पातं नव्हतं, न्हाव्याच्या पंख्याला सगळी पाती होती पण मोटर जळलेली. दोघांनी दारातच घासाघीस करून दोहोंचा एक पंखा केला आणि तो सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरवलं. शिंपीणबाईंचा दीर वायरमन निघाला, त्याने दुरुस्त करून द्यायला म्हणून सात वस्तू खांद्यावर मारल्या. शाळाबाईंनी रेडिओ मुका असतानाच नेला. "वाजेल तेव्हा वाजेल," त्या म्हणाल्या. "माझ्या घराची शांतता कुणाला तरी ऐकू आली होती, हे पुष्कळ झालं." पाच जण गाव सोडून गेले होते आणि दोघं या जगातच नव्हती. या सात जणांच्या चिठ्ठ्या बाईंनी सोडवून ठेवल्या आणि वस्तू मोडीत दिल्या. नियमात बसतं, घेणारा न सापडल्यावर.

शनिवारी रुग्णालयातल्या बाई टेप घेऊन आल्या. हॉल मोजला, मान डोलावली. बाथरूमपर्यंतची वाट मोजली, मान डोलावली. टपालबाईंची मान तर आधीपासूनच ताठ होती. मग रुग्णालयातल्या बाई बोळात आल्या आणि टेप थांबली.

"बहात्तर. हे कपाट कुणाचं?"

"माझं."

"ते हलवावं लागेल. वॉकर इथून जाणार नाही."

"ते तिथलंच आहे हो," टपालबाई म्हणाल्या. "बोळातलं."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर त्यांनी त्याला उभा सोलला असता. बोळ म्हणजे येण्याजाण्याची वाट, वाट हा कशाचाच पत्ता नसतो. गल्लीभरच्या वस्तूंना त्यांनी तो प्रश्न विचारला होता, या एका कपाटाला तेवढा विचारायचा राहिला होता. त्यांनी सगळ्यात वरच्या खणावरून एकदा हात फिरवला. आपली एकतीस वर्षं त्यात आहेत असं त्यांना वाटत होतं. पण ती तर त्यांच्या हातात होती. कालच त्या हातांनी गल्लीभर ज्याचं त्याला दिलं होतं.

"दहा मिनिटं थांबता?" असं विचारून त्या जिन्यात गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "शिंपीणबाई! दोऱ्यांच्या रिळांना घर हवंय ना तुम्हाला? अठ्ठेचाळीस खोल्यांचं आहे!"

चौघांनी मिळून कपाट वर नेलं. बाई रडल्या नाहीत. फक्त वळणावर त्याचा कोपरा भिंतीला घासला, तेव्हा "सांभाळून!" असं एवढ्या जोरात ओरडल्या की खालचं कुत्रं भुंकायला लागलं. रुग्णालयातल्या बाईंनी पुन्हा टेप लावली. एकशे आठ. त्यांनी कागदावर सही केली. कपाटातून काढलेल्या वस्तूंच्या टोपलीत सगळ्यात वर ते चव्वेचाळिसावं कार्ड होतं. बाईंनी ते उचलून खिशात ठेवलं.

सोमवारी काका घरी आले. वॉकर टेकत बोळातून चालताना कपाटाच्या जागी राहिलेला भिंतीचा उजळ चौकोन त्यांनी पाहिला. हॉलच्या दारात मात्र थांबले. "केवढा मोठा आहे गं हा," म्हणाले. पलंगावर टेकले, चहा झाला, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून झाली. मग चार वाजले, आणि पत्ता असलेलं कार्ड पोचवायचंच या नियमाने बाईंनी ते त्यांच्या हातात दिलं.

काकांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, उजेडाकडे वळवलं. "नाही दिसत. तूच वाच."

ही आफत बाईंच्या ध्यानात आली नव्हती. लिहिणं सोपं होतं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी कार्ड घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "त्रेचाळीस वस्तूंवर नावं लिहिलीत. माझ्या नावाची एक चिठ्ठी नाही."

स्वयंपाकघरात रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. काकांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. पेराजवळ जुन्या डागाची एक पांढरी रेघ होती.

"तीन दिवस लागले होते त्या रेडिओला," ते म्हणाले. "दिसत नव्हतं, म्हणून तार बोटाने चाचपून जोडली. तेव्हा सोल्डरच्या तापलेल्या टोकाने भाजलं." मग हात खाली घेऊन त्यांनी विचारलं, "चिठ्ठी कशाला बांधतात गं? वस्तू पडून राहिली तर कुणाची ते विसरू नये म्हणून. तुझी वस्तू मी कधी पडून राहू दिली का?"

बाईंनी त्यांची तर्जनी हातात घेतली आणि ती रेघ नीट पाहिली. मग ते कार्ड त्यांनी तिथल्या तिथे फाडलं. त्या दिवशी रविवार नव्हता.